जनुकांना भूक कळते

बीड शहराजवळचा नारायणगड ही नगद नारायण महाराजांची गादी. वारकरी तिला धाकटी पंढरी म्हणतात. पंचक्रोशीतल्या माळकरी घरांत मांस, मासळी, अंडी वर्ज्य. एकादशी पाळणारी माणसं घरोघर. याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेली ही माणसं पुढचे पाच-सहा महिने कोपीत काढतात. टोळीतली सगळीच काही माळकरी नसतात, पण जी नसतात त्यांच्याही ताटात मटण-अंडी सणावारीच येतात. शाकाहारी ताट आणि ऊसतोड यांचा एकमेकांशी तसा संबंध लावला जात नाही. कोयता चालवणाऱ्या बाईच्या एकेका पेशीत मात्र त्या दोन गोष्टी एकत्र येतात. गेल्या तीसेक वर्षांत पेशीशास्त्रानं एक गोष्ट पक्की केली आहे. जनुकं जन्मतः मिळतात, पण त्यांतलं कोणतं केव्हा चालू व्हायचं हे पेशीत सतत ठरत असतं, आणि ते ठरण्यात ताटातून काय आलं नि रक्तातून किती ऑक्सिजन पोचला याचा मोठा वाटा असतो. म्हणून इथल्या कष्टकरी बायकांचा अशक्तपणा, त्यांच्या बाळांचं कमी वजन आणि त्या बाळांना पुढे जडणारा मधुमेह यांना नशीब किंवा घराण्याचा गुण म्हणून सोडून देणं शास्त्राला धरून नाही. या लेखात हेच पुराव्यानिशी मांडायचं आहे.

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे २० हजार जनुकं असतात. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळी दिसते, वेगळं काम करते, कारण दोन्हींत वेगवेगळी जनुकं चालू असतात. चालू-बंद करण्याची एक मोठी पद्धत रासायनिक खुणांची आहे. डीएनएचा सुमारे दोन मीटर लांबीचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या प्रथिनांना अ‍ॅसिटिल गट चिकटला की धागा सैल होतो आणि तिथलं जनुक सहसा चालू होतं. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात डीएनएवर मिथिल गट बसले की ते सहसा बंद पडतं. इतकी माहिती आता कॉलेजच्या पुस्तकांतही असते. पण हे गट येतात कुठून, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. खुणांसाठी पेशीत वेगळं कोठार नसतं. अ‍ॅसिटिल गट ज्या रेणूतून येतो, तो अ‍ॅसिटिल-कोएन्झाइम ए साखर आणि चरबी जाळण्याच्या वाटेवरच तयार होतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की सायट्रेटपासून हा रेणू बनवणारं एन्झाइम पेशीत कमी केलं की हिस्टोनांवरचे अ‍ॅसिटिल गटही घटतात. मिथिल गट येतो तो मिथिओनिन या अमिनो आम्लापासून, आणि वापरून संपलेलं मिथिओनिन पुन्हा तयार करायला फोलेट आणि बी १२ ही दोन जीवनसत्त्वं लागतात. मिथिल खुणा पुसणाऱ्या एन्झाइमांना लोह, ऑक्सिजन आणि अन्नाच्या ज्वलनचक्रातलाच अल्फा-कीटोग्लुटरेट नावाचा रेणू लागतो. ज्या रसायनांवर पेशीचं पोट चालतं, त्यांच्यातूनच तिच्या जनुकांवरच्या खुणा लिहिल्या आणि पुसल्या जातात. चयापचय एकीकडे आणि जनुकं दुसरीकडे, असे दोन स्वतंत्र कारभार पेशीत नाहीत.

ऑक्सिजनची जाण हे याचं सर्वांत नीट उलगडलेलं उदाहरण आहे. २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक बॉस्टनचे विल्यम केलिन, ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ आणि बाल्टिमोरचे ग्रेग सेमेंझा या तिघांना याच शोधासाठी मिळालं. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक अधिक बनवतात आणि हाडांतल्या मज्जेत तांबड्या पेशींचं उत्पादन वाढतं, हे पूर्वीपासून माहीत होतं. मूत्रपिंडाला ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतं कसं, हे कोडं होतं. सेमेंझा यांना नव्वदच्या दशकात एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाला चालना देणारं एक प्रथिन सापडलं, त्याला एचआयएफ म्हणतात. गंमत अशी, की पेशी हे प्रथिन ऑक्सिजन भरपूर असतानाही सतत बनवत असते आणि जेमतेम पाच मिनिटांत मोडूनही टाकते. पाहुणा केव्हा दारात येईल याचा नेम नाही म्हणून आधण कायम चुलीवर ठेवावं, तसा हा प्रकार आहे: वरवर उधळपट्टी, पण वेळ आली की क्षणाचाही उशीर नको. मोडायचं म्हणून खूण करण्याचं काम एका एन्झाइमकडे असतं. ते ऑक्सिजनचा एक अणू एचआयएफवर बसवतं, तो बसला की दुसरं एक प्रथिन एचआयएफला पकडून विल्हेवाटीला लावतं. ऑक्सिजन नसेल तर खूण होत नाही, एचआयएफ टिकतो, केंद्रकात शिरतो आणि शेकडो जनुकं चालू करतो. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तांबड्या पेशी वाढतात, साखर ऑक्सिजनशिवाय जाळण्याची व्यवस्था होते.

या एन्झाइमला एकटा ऑक्सिजन पुरत नाही, आणि बीडच्या संदर्भात हीच बाब महत्त्वाची आहे. त्याला लोह लागतं, अल्फा-कीटोग्लुटरेट लागतं, आणि लोह कामाच्या स्थितीत राहावं म्हणून क जीवनसत्त्वाची साथ लागते. काम झाल्यावर सक्सिनेट हा रेणू बाहेर पडतो, आणि तो साठला तर एन्झाइम अडतं. याचा पुरावा एका दुर्मीळ आजारातून मिळाला. काही कुटुंबांत सक्सिनेट पुढे नेणारं एन्झाइम जन्मतःच सदोष असतं. त्यांच्या पेशींत ऑक्सिजन मुबलक असूनही एचआयएफ टिकून राहतो आणि मानेजवळच्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ग्रंथीत गाठी होतात. हवा तीच, श्वास तोच, पण चयापचयाच्या एका पायरीवर माल तुंबला आणि पेशीनं गुदमरल्याचा निष्कर्ष काढला. २०१९ मध्ये आणखी दोन संशोधन गटांनी दाखवलं, की हिस्टोनांवरच्या मिथिल खुणा पुसणारी काही एन्झाइमं स्वतःच ऑक्सिजनच्या चढउताराला थेट प्रतिसाद देतात, मध्ये एचआयएफची मध्यस्थीही लागत नाही. पेशीची ऑक्सिजनची जाण म्हणजे केवळ हवेचं मोजमाप नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावं. तिच्यात लोह आहे, अन्न आहे, जीवनसत्त्व आहे.

आता हे सगळं उसाच्या फडात नेऊन पाहू. बीडच्या माळरानावरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, कोल्हापूर-सांगलीच्या फडातही तेवढाच. श्वासात कमतरता नाही, वाहतुकीत आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन १२ आहे तिच्या दर १०० मिलिलिटर रक्तातून सुमारे १६ मिलिलिटर ऑक्सिजन जातो. ज्या बाईचं ८ आहे तिच्या रक्तातून पावणेअकरा. एक तृतीयांश कमी. या उणिवेवर तिला पहाटेपासून ऊस तोडायचा असतो, वाढं बाजूला करायचं असतं, मोळी बांधायची असते, आणि ती तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं. हृदय अधिक वेगानं रक्त फिरवून काही भरपाई करतं, पण भरपाईलाही मर्यादा असते. आणि ही स्थिती अपवादात्मक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. हे संपूर्ण राज्याचे आकडे आहेत, त्यात पुणे-मुंबईच्या सुखवस्तू वस्त्याही आल्या.

ऑक्सिजन कमी पोचला तर एचआयएफ जागा होईल, एरिथ्रोपोएटिन वाढेल आणि शरीर आपोआप तांबड्या पेशी बनवेल, मग काळजी कशाला, असं कुणाला वाटेल. शंका रास्त आहे, पण निसर्गानं इथे एक पेच ठेवला आहे. एरिथ्रोपोएटिनचं जनुक चालवण्यात मुख्य वाटा एचआयएफच्या एका प्रकाराचा, एचआयएफ-२ चा. हे प्रथिन ज्या संदेशरेणूवरून बनतं त्याच्या एका टोकाला लोहाची खबर ठेवणारी जागा आहे. पेशीत लोह कमी झालं की तिथे एक प्रथिन येऊन बसतं आणि एचआयएफ-२ चं उत्पादनच आखडतं. यामागे हिशेब आहे: लोहच नसेल तर नुसत्या रिकाम्या तांबड्या पेशी बनवून उपयोग काय? पण त्यामुळे ज्या बाईला रक्त वाढण्याची सर्वांत जास्त गरज, तिच्याच शरीरात रक्त वाढवण्याचा हुकूम दबका निघतो. फुप्फुसांतही असाच परिणाम दिसतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी सखल प्रदेशातल्या माणसांना पेरू देशातल्या सेरो दे पास्को या ४,३४० मीटर उंचीवरच्या गावी नेलं. विरळ हवेत त्यांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला. शिरेतून लोह दिल्यावर तो बराच उतरला. हवा बदलली नव्हती, फक्त लोह मिळालं होतं. ऑक्सिजनच्या टंचाईला शरीर कसं तोंड देतं हे लोहावरही ठरतं, याचा माणसांवरचा इतका सरळ पुरावा दुसरा क्वचितच असेल.

दुसरा आक्षेप गावोगाव ऐकू येतो: कष्टाची सवय असते, पिढ्यान्‌पिढ्यांचं शरीर आहे, ते जुळवून घेतं. तिबेटी लोकांनी चार हजार मीटरवर जुळवून घेतलंच ना? घेतलं, आणि कसं घेतलं हेही ठाऊक आहे. २०१० मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा वेगळेपण नेमकं एचआयएफ-२ च्या आणि त्यावर खूण करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकांत सापडलं. पण त्याला हजारो वर्षांची निवड लागली, म्हणजे ज्यांना ते जमलं नाही त्यांची मुलं जगली नाहीत. बीडमधून मोठ्या संख्येनं ऊसतोडीला जाणं सुरू झालं ते सहकारी साखर कारखानदारी वाढल्यानंतर, गेल्या काही दशकांत. दोन-तीन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. त्या मुदतीत बदलतात त्या जनुकांवरच्या खुणा आणि शरीराची घडण, आणि तो बदल बहुतेकदा तोट्याचाच असतो. सवय म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ती पुष्कळदा झीज असते.

शरीराची घडण कशी बदलते, याचा जगात मान्यता पावलेला अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत शेतकरी कुटुंबांतल्या बायकांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. या बायकांचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. ही तफावत अपेक्षित होती. अनपेक्षित होतं ते पुढचं. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव फार लहान होते, चरबी मात्र वजनाच्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, आतून चरबीयुक्त अशी ही बाळं. मधुमेहाची पूर्वतयारी पाळण्यातच झालेली होती. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव यांनी या मातांच्या आहाराचा आणि कामाचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक खाणाऱ्या मातांची बाळं मोठी होती, आणि गरोदरपणी जड कामं अधिक करणाऱ्या मातांची लहान. ही कामं म्हणजे पाणी भरणं, शेतात राबणं. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढण्याचं काम त्यांत नव्हतं.

याच अभ्यासात बी १२ चा प्रश्न पुढे आला. साठ टक्क्यांहून अधिक मातांच्या रक्तात बी १२ कमी होतं. फोलेट मात्र जवळजवळ कुणातच कमी नव्हतं: पालेभाज्या होत्या, सरकारी गोळ्याही होत्या. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासणी केली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या मातांमध्ये बी १२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. याचं रसायन वर आलंच आहे. मिथिओनिन पुन्हा तयार होण्याच्या पायरीवर फोलेट मिथिल गट आणून देतं आणि बी १२ तो पुढे पोचवतं. बी १२ नसेल तर फोलेट मिथिल गट धरून अडकून बसतं, होमोसिस्टीन साठतं आणि डीएनएवर खुणा करायचा कच्चा माल तुटतो. बी १२ कोणतीही वनस्पती बनवत नाही. ते जिवाणू बनवतात आणि आपल्याकडे ते प्राणिजन्य अन्नातून येतं. शाकाहारी माणसासाठी त्याचा भरवशाचा नैसर्गिक स्रोत म्हणजे दूध-दही. मांसाहार सोडला म्हणून बी १२ तुटतं हे अर्धं खरं आहे. दूध डेअरीला घालून घरात काळा चहा उकळतो, म्हणून ते तुटतं, हे उरलेलं अर्धं.

यावर शास्त्रज्ञांनीच घेतलेला आक्षेप असा, की दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. बी १२ कमी असणाऱ्या घरात इतरही पुष्कळ गोष्टी कमी असतात. म्हणून प्रयोगाकडे वळावं लागतं. २००३ मध्ये अमेरिकेत उंदरांच्या एका पिवळ्या, लठ्ठ वाणाच्या गाभण माद्यांना फोलेट, बी १२ आणि तत्सम मिथिल देणारे घटक खाऊ घातले. त्यांच्या पिल्लांत तपकिरी पिल्लांचं प्रमाण वाढलं. जनुक तेच, त्यावरच्या मिथिल खुणा बदललेल्या. २०१५ मध्ये आनंदवर्धन हार्डीकर, सारंग सातूर, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांचं काम प्रसिद्ध झालं, ते आपल्या दृष्टीनं आणखी मोलाचं आहे. त्यांनी ५० पिढ्या अर्धपोटी वाढवलेले उंदीर अभ्यासले. त्यांच्यात बी १२ कमी, होमोसिस्टीन जास्त आणि मधुमेहाकडे कल मोठा होता. इन्सुलिनच्या जनुकाजवळ हिस्टोनांवरच्या खुणाही बदललेल्या होत्या. मग दोन पिढ्या त्यांना पोटभर खाऊ घातलं, तरी दोष गेला नाही. माणसांतला पुरावा हॉलंडमधून येतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीनं तिथे दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या वाढीशी निगडित एका जनुकावर मिथिल खुणा साठ वर्षांनंतरही कमी आढळल्या. गर्भारपणाच्या अखेरीला ज्यांना दुष्काळाची झळ लागली, त्यांच्यात हा फरक नव्हता. गर्भ राहण्याच्या आसपासचे दिवसच निर्णायक असतात, हा यातला धडा.

इथे हात आखडता घेणंही गरजेचं आहे. डच लोकांतला तो फरक थोडा होता आणि रक्ताच्या पेशींत मोजलेला होता. रक्तातली खूण यकृतात किंवा स्वादुपिंडात तशीच असेल असं नाही. माणसात अशा खुणा नातवंडांपर्यंत वारशानं जातात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. उपवासाबद्दलही हल्ली असेच मोठे दावे केले जातात. दीर्घ उपवासात यकृत बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट बनवतं, आणि हा रेणू हिस्टोनांवरचे अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमांना आवरतो, हे २०१३ मध्ये उंदरांवर दिसलं. त्यावरून एकादशीनं जनुकं सुधारतात असं म्हणणं घाईचं ठरेल, शिवाय साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर तो रेणू फारसा बनतच नाही. रक्तक्षय असलेल्या गरोदर बाईनं उपवास धरू नये, एवढं मात्र निःशंकपणे सांगता येतं.

मग गोळ्या देऊन टाकाव्यात, प्रश्न मिटला, असं म्हणणारेही आहेत. महाराष्ट्रातल्याच दोन प्रयोगांनी याचं उत्तर दिलं आहे आणि ते सरळसोट नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून बायकांना गर्भ राहण्याआधीपासून पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड होती, आणि अगदी कृश नसलेल्या मातांना लाभ अधिक झाला. गरोदरपणातला मधुमेह मात्र स्पष्ट घटला: तुलनेच्या गटात १२.४ टक्के, पालेभाज्या-दुधाचा खाऊ मिळालेल्या गटात ७.३ टक्के. पुण्याच्या अभ्यासातली मुलं वयात आल्यावर त्यांना २०१२ पासून रोज २ मायक्रोग्रॅम बी १२ देण्याचा प्रयोग झाला, काहींना इतर सूक्ष्मपोषकांसह. त्यांच्या पोटी आलेल्या बाळांचं वजन वाढलं नाही, पण बी १२ मिळालेल्या मातांची मुलं बौद्धिक आणि भाषिक विकासाच्या काही कसोट्यांवर सरस ठरली. या निकालांना अपयश म्हणणाऱ्यांनी वजनकाट्यापलीकडेही पाहावं. त्यांतून निघतं ते असं: आहार सुधारायचा तो गर्भ राहण्याआधी, नुसतं एक जीवनसत्त्व पुरत नाही, आणि जी बाई मुळातच फार खंगलेली आहे तिला चांगल्या खाऊचाही पूर्ण लाभ होत नाही. तिला आधी पोटभर अन्न आणि विश्रांती हवी.

या विषयावर लिहिताना एक धोका असतो, तो म्हणजे सगळा दोष आईच्या पदरात टाकण्याचा. गर्भातल्या जनुकांवर आईच्या आहाराची खूण उमटते, हे एकदा मान्य केलं की ‘तूच नीट खाल्लं नाहीस’ म्हणायला घर मोकळं होतं. पण तिनं काय खावं हे ती कुठे ठरवते? उचलीचा आकडा मुकादमाकडे ठरतो, दिवस भरला नाही तर खाड्याचे पैसे कापले जातात, कोपीजवळ पाणी नसतं, सरपण नसतं, दूध विकत घेण्याइतका रोख पैसा हातात नसतो. खाडा परवडत नाही म्हणून पाळीच्या त्रासावर गर्भाशय काढण्याचा मार्ग बीडमधल्या किती बायकांनी पत्करला, हे २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीच्या चौकशीतून पुढे आलं: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अतिरक्तस्रावावर आधी लोह आणि औषधोपचार, मग तज्ज्ञाचा सल्ला, आणि शस्त्रक्रिया अगदी शेवटी, हा वैद्यकातला साधा क्रम इथे मोडला गेला. पेशीत लोह कमी पडणं ही रसायनशास्त्रातली घटना आहे खरी, पण ते कमी का पडलं याची मुळं मजुरीच्या करारात सापडतात.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काही फार स्वस्त आहे. बाजरीत १०० ग्रॅममागे सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं, पण ते शरीरात सहज शिरत नाही. जेवणासोबत लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असला की अधिक शोषलं जातं, आणि जेवणाला लागून चहा घेतला की कमी. माळकरी घरानं आपलं व्रत मोडायची काहीएक गरज नाही; घरातलं थोडं दूध-दही वयात आलेल्या मुलीच्या आणि सुनेच्या ताटात पडावं, आणि जिथे तेही शक्य नाही तिथे बी १२ ची गोळी घ्यावी. कीर्तनकार महाराजांचा शब्द या भागात डॉक्टरांच्या शब्दाहून लांब जातो, त्यांनी हे कीर्तनातून सांगितलं तर फार मोठं काम होईल. शासनाकडे मागणं याहून नेमकं आहे. टोळ्या गाव सोडण्याआधी प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन आणि शक्य तिथे बी १२ तपासावं, उपचार फडापर्यंत पोचवावा, आणि गरोदर बाईला मोळी वाहायला लागू नये म्हणून तिच्या बुडीत मजुरीची सोय ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळातून करावी. रेशनच्या पोषणयुक्त तांदळाच्या मानकात बी १२ आहे, पण किलोमागे साधारण १ मायक्रोग्रॅम. रोज २०० ग्रॅम भात खाणारीला त्यातून गरजेचा दहावा भागच मिळेल, आणि बीडची माणसं तर भाकरी खातात. २०१८ पासून चाललेल्या अ‍ॅनिमियामुक्त भारत योजनेतल्या मोठ्यांच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. बी १२ नसतं. फोलेट भरपूर आणि बी १२ अपुरं ही जोडी मुलांना महागात पडते, हे पुण्यातून २००८ मध्येच कळलेलं आहे. त्या गोळीत बी १२ घालण्याचा निर्णय आता व्हायला हवा.